जुने झेनॉन स्ट्रोब काढून एका तालात लुकलुकणारे एलईडी बसवायचे आहेत

सदाजागता

नमस्कार मंडळी. आमच्या रुग्णवाहिकेच्या दिव्यांची देखभाल माझ्याकडे आहे. टपावरचा बार मागेच एलईडी झाला, पण बाकीचे सहा दिवे अजून जुने झेनॉन स्ट्रोब (वायूच्या ट्यूबमधून फ्लॅश मारणारे दिवे) आहेत. दोन हेडलाइटच्या आत, दोन पुढच्या जाळीत, दोन मागे. सहाही सीटखालच्या एकाच पॉवर सप्लायवर चालतात. मागचा उजवा बंद पडलाय. जाळीतला एक मधूनच फ्लॅश खातो, त्याची ट्यूब काढून पाहिली तर दोन्ही टोकं काळी पडली आहेत. सप्लायची ती बारीक शीळसुद्धा हल्ली वाढली आहे.

परवा रात्री सगळे दिवे चालू ठेवून मी मागे चालत गेलो. दीडशे पावलांवरून पाहिलं. बारचा ताल एक, स्ट्रोबचा दुसरा. क्षणभर जुळतात, मग पुन्हा फाकत जातात. गाडी उभी आहे की सरकते आहे, तिची डावी कड कुठे संपते, हे मला कळेना. ती गाडी मी रोज हाताळतो! समोरून येणाऱ्या अनोळखी चालकाला काय कळणार? तेव्हापासून हे काम नीट करायचंच असं मनात घेतलंय.

विचारायचंय ते असं. जुन्या केबल तशाच ठेवून टोकाला नुसते एलईडी लावता येतील का? सिंकची, म्हणजे दिव्यांचा ताल जुळवणारी वायर नेमकी कशी जोडायची? आणि बार एका कंपनीचा, नवे दिवे दुसऱ्या कंपनीचे, तर दोघांचा ताल जुळेल का?

जुना_वायरमन

पहिल्याच प्रश्नाला थांबवतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. त्या केबलमधून १२ व्होल्ट जात नाहीत. स्ट्रोबचा सप्लाय बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून काही शे व्होल्ट करतो आणि कपॅसिटरमध्ये साठवतो. दिव्याकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी दोन त्या साठ्याच्या. तिसरीवरून ट्रिगर जातो, आणि ट्यूबमधल्या झेनॉनला पेटवणारा झटका काही हजार व्होल्टचा असतो. त्या टोकाला एलईडी लावलात तर दिवा जागच्या जागी जळेल.

तेव्हा जुना सप्लाय पूर्ण काढा. केबल त्याच मार्गाने नवी ओढा, जुनीच्या टोकाला नवी बांधून खेचली की मार्ग आयता मिळतो.

आणि सप्लाय उघडू नका. आत कपॅसिटर निचरा करणारा रेझिस्टर असतो, पण तो जुना होऊन तुटलेला असू शकतो. मी एकदा बंद करून दहा मिनिटं झालेला सप्लाय उघडला. त्यावरच्या ट्यूब मेलेल्या होत्या, म्हणजे साठलेला भार जायला वाटच नव्हती. स्क्रूड्रायव्हरचं टोक चुकून दोन पायांना टेकलं, चट् आवाज झाला आणि पोलादाच्या टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. माझं बोट तिथून दोन पेरं दूर होतं. तो स्क्रूड्रायव्हर अजून जपून ठेवलाय, नवीन पोरांना कामाच्या पहिल्या दिवशी दाखवतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, बराच वेळ जाऊ द्या, मग दिव्यांचे कनेक्टर सोडवा. सोडवलेल्या कनेक्टरच्या धातूला बोट लावायच्या आधी डीसी हजार व्होल्टच्या रेंजवर मल्टिमीटर लावून बघा.

सदाजागता

बरं झालं विचारलं. मी कनेक्टर कापून तेच वापरणार होतो.

कुतूहल

माझा एक मूलभूत प्रश्न, रागावू नका. दिवे एका तालात लागण्याची गरजच काय? उलट सगळे मागेपुढे लुकलुकले तर जास्त लक्ष जाईल ना?

प्रकाशमापक

@कुतूहल, लक्ष जातं, पण गोंधळलेलं लक्ष जातं. जरा सविस्तर लिहितो, कारण सिंकचं सगळं महत्त्व इथेच आहे.

अंधारात समोरच्या चालकाला तुमची गाडी दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात. डावा आणि उजवा ठिपका एकाच क्षणी लागले, किंवा ठरलेल्या लयीत आलटून पालटून लागले, तर मेंदू त्यांची जोडी लावतो. जोडीतलं अंतर म्हणजे गाडीची रुंदी. ते अंतर वाढत गेलं की आपण जवळ येतोय हे कळतं. प्रत्येक ठिपका आपापल्या वेळेला लागला तर जोडी लागतच नाही.

दुसरं कारण आरोग्याचं. एक दिवा सेकंदाला दोनदा लागतो असं धरा. सहा दिवे सहा वेगवेगळ्या क्षणी लागले तर बघणाऱ्याच्या डोळ्यावर सेकंदाला बारा फ्लॅश पडतात. ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, त्यांना साधारण ३ ते ३० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या फ्लॅशचा) पट्टा त्रासाचा, आणि त्यातही १५ ते २० च्या आसपास सर्वाधिक. म्हणजे एकेकटे निरुपद्रवी असलेले दिवे मिळून धोक्याच्या पट्ट्यात शिरतात. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या संहितेत म्हणूनच अट आहे की नजरेच्या एका टप्प्यात दोनाहून जास्त लुकलुकते दिवे असतील तर ते एका तालातच लागले पाहिजेत. ती संहिता इमारतींसाठी आहे, पण डोळा तोच.

आणि सिंक म्हणजे सगळे एकदम, असं नव्हे. डावे-उजवे आलटून पालटून लागले तरी तो सिंकच. सगळ्यांचं घड्याळ एक असलं की झालं.

कुतूहल

समजलं. मग जुने स्ट्रोब इतके प्रखर असूनही लोक एलईडीकडे का वळले? नुसत्या विजेच्या बचतीसाठी?

प्रकाशमापक

वीज वाचते हे खरं. पण मोठा फरक प्रकाश किती वेळ टिकतो याचा आहे. झेनॉनचा फ्लॅश मिलिसेकंदही टिकत नाही. इतका छोटा प्रकाश डोळ्याला दिसतो, पण नेमका कुठून आला ते पकडायच्या आत संपलेला असतो. म्हणून तर स्ट्रोबमध्ये पाठोपाठ दोन किंवा चार फ्लॅश मारायची युक्ती आली.

ब्लाँडेल आणि रे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ च्या सुमारास मांडलेलं एक सूत्र आजही वापरात आहे. फ्लॅशची तीव्रता गुणिले त्याचा वेळ, भागिले तो वेळ अधिक ०.२ सेकंद. येतं ते डोळ्याला 'भासणारं' बळ. शिखराची तीव्रता १०० धरा. स्ट्रोब १ मिलिसेकंद लागला तर उत्तर येतं जेमतेम अर्धा. एलईडी त्याच १०० तीव्रतेने १०० मिलिसेकंद लागला तर ३३. म्हणजे दुरून तितकंच दिसण्यासाठी स्ट्रोबला शिखर किती तरी पटींनी उंच न्यावं लागतं, आणि जवळच्या माणसाच्या डोळ्यात ते शिखर सुईसारखं घुसतं.

रंगाचंही तसंच. झेनॉनचा प्रकाश पांढरा. त्यावर निळी काच लावली की बहुतेक प्रकाश काचेतच अडतो. निळा एलईडी मुळातच निळा पेटतो.

तारामंडळ

आता सिंकच्या वायरीकडे येते. माझ्या हाताखालून बऱ्याच गाड्या गेल्या आहेत, त्यामुळे कुठे चुकतं ते सांगते.

बहुतेक एलईडी दिव्यांच्या आत स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो. लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह, एक सिंकची, एक पॅटर्न बदलायची. रंगांवर विश्वास ठेवू नका, सोबतचा कागद वाचा. सिंकची वायर एका कंपनीत पिवळी तर दुसरीत पिवळी म्हणजे पॅटर्नची असं मी पाहिलंय.

वायर जोडायच्या *आधी* प्रत्येक दिवा टेबलावर एकेकटा चालवा आणि सगळ्यांना एकच पॅटर्न द्या. त्याच पॅटर्नचे बहुधा दोन टप्पे असतात, पहिला आणि दुसरा. डावे सगळे पहिल्यावर, उजवे दुसऱ्यावर ठेवले की आलटून पालटून लागतात. हे झाल्यावरच सगळ्यांच्या सिंक वायरी एकत्र बांधा. एकच दिवा चुकीच्या पॅटर्नवर राहिला तरी सगळा ताल बिघडतो, आणि गाडीत बसवल्यावर तो कुठला ते शोधताना जीव जातो.

सहाही दिव्यांची निगेटिव्ह एकाच जागी आणा. सिंकचा इशारा निगेटिव्हच्या आधाराने मोजला जातो. पुढचे दिवे बॉनेटखालच्या बोल्टला आणि मागचे गंजक्या चॅसीला टेकवले की दोन जागांमध्ये व्होल्टचा फरक पडतो आणि मागचे दिवे मधूनच ताल सोडतात.

न वापरलेल्या वायरीचं टोक उघडं टाकू नका. पॅटर्नची वायर तशीच लोंबत सोडलेली एक गाडी आमच्याकडे परत आली होती. तक्रार एकच, पावसात दिवे आपोआप वेगळेच लुकलुकायला लागतात. ओल्या पत्र्याला टेकून त्या वायरीवर इशारा जात होता. प्रत्येक टोकावर स्वतंत्र हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, टेप नको, टेप उन्हाने सुटते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. एका कंपनीच्या सिंकची भाषा दुसरीला सहसा कळत नाही. वायर जोडली तर दिवा जळेलच असं नाही, पण ताल जुळेल ही आशा सोडा.

जुना_वायरमन

ताईंना +१. एकच भर. एलईडीला स्वतः लुकलुकू द्यायचंच नाही असाही मार्ग आहे. बऱ्याच दिव्यांत 'स्थिर' पॅटर्न असतो, म्हणजे वीज मिळाली की सलग पेटणार. सहाही स्थिरवर ठेवा आणि वीज चालू-बंद करण्याचं काम बारच्या कंट्रोलरला द्या. तुमच्या कंट्रोलरला जादा आउटपुट आहेत का ते बघा, असले तर दर आउटपुटला किती अँपिअर झेपतात तेही वाचा. मग ताल ठरवणारा एकच उरतो आणि कंपनीचा प्रश्न मिटतो.

पण वीज मिळाल्यापासून पेटेपर्यंत प्रत्येक दिवा थोडा वेळ घेतो. काही दिव्यांत हा वेळ डोळ्याला जाणवेल इतका असतो. आधी टेबलावर बघा.

फ्यूजही बदला. जुन्या सप्लायला मोठा फ्यूज होता, नव्या दिव्यांच्या तारा बारीक आहेत. मोठा फ्यूज तसाच ठेवला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी तार तापेल. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

रात्रपाळी

मी वायरिंगमधली नाही. रुग्णवाहिकेवर काम करते, रात्री रस्त्यावर उतरून. तुम्ही सगळे गाडी कशी *दिसेल* यावर बोलताय, मला आम्ही कसे दिसू यावर बोलायचंय.

एका अपघाताच्या जागी आमची गाडी तिरकी उभी होती, मागचे सगळे दिवे पूर्ण ताकदीने चालू. मी मागच्या दाराशी स्ट्रेचर ओढत होते. एक मोटार अगदी जवळ येऊन थांबली. चालक उतरला, त्याचे हात थरथरत होते. म्हणाला, "ताई, गाडी लांबूनच दिसली, पण तुम्ही दिसलाच नाहीत." मी परावर्तक जाकीट घातलेलं होतं. नंतर मी स्वतः त्याच्या जागी जाऊन उभी राहिले. दिव्यांच्या झोतात डोळे मिटत होते, आणि त्या झोताच्या पुढे उभा असलेला आमचा सहकारी म्हणजे नुसता काळा आकार. जाकीट चमकायला समोरच्या हेडलाइटचा प्रकाश पुरेसा असतो, पण दिपलेल्या डोळ्याला तो दिसायला हवा ना.

सदाजागता दादा, नवे दिवे बसवाल तेव्हा गाडी उभी असतानाचा विचार आधी करा. धावताना वाट मिळवायची असते. उभं राहिल्यावर आम्हाला जगायचं असतं.

प्रकाशमापक

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात वर असायला हवा.

तुम्ही सांगताय ते मानकांनीही ओळखलंय. अमेरिकेच्या अग्निशमन गाड्यांसाठीच्या एनएफपीए १९०१ ने वाट मागतानाचा आणि वाट अडवून उभं असतानाचा असे दोन प्रकार वेगळे केले, आणि दुसऱ्यात पांढरे इशारा दिवे बंद ठेवायला सांगितले. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने २००८ मध्ये दिव्यांचा रंग आणि तीव्रता यांवर प्रयोग केले. त्यांची शिफारस होती की दिवसाची आणि रात्रीची तीव्रता वेगवेगळी ठेवा.

निळ्याच्या बाबतीत रात्री जास्तच जपावं लागतं. अंधारात आपली नजर निळ्याकडे झुकते, पुर्किन्ये परिणाम म्हणतात तो हाच. दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सर्वात तीक्ष्ण, रात्री तो ५०७ कडे सरकतो. दिवसा बेताचा वाटणारा निळा दिवा रात्री भारी पडतो.

युनोच्या आर ६५ या वाहनांवरच्या इशारा दिव्यांच्या नियमाखालचा दिवा घेत असाल तर काचेवरची खूण वाचा. 'एक्सबी २' असेल तर एक्स म्हणजे ठरावीक दिशेला प्रकाश टाकणारा, बी म्हणजे निळा, आणि २ म्हणजे दिवस व रात्र अशा दोन पातळ्या असलेला. शेवटी १ असेल तर पातळी एकच. त्याच नियमात फ्लॅशचा वेग सेकंदाला २ ते ४ असा बांधलेला आहे. दुकानात दाखवतात ते थरथरणारे भरधाव पॅटर्न त्यात बसत नाहीत. रंग कोणता चालतो हे मात्र प्रत्येक देशाचं वेगळं, ते आपल्या परवान्याच्या कागदात बघूनच ठरवा.

सदाजागता

रात्रपाळी ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी दीडशे पावलं मागे गेलो होतो, पण दार उघडून तिथे कुणाला उभं करून पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. तुम्ही म्हणता तसंच आहे.

हँडब्रेकच्या स्विचवरून कंट्रोलरला इशारा द्यायचा असं ठरवतोय. ब्रेक ओढला की पुढचे चार बंद, मागचे दोन मंद आणि संथ. चालेल?

तारामंडळ

चालेल. पण मंद करण्यासाठी दिव्याची वेगळी वायर असते, ती आधीच ओढून ठेवा, नंतर गाडी पुन्हा उघडावी लागेल. आणि हँडब्रेक सुटला की गाडी आपोआप पूर्ण ताकदीवर यायला हवी. चालकाने बटण दाबायची आठवण ठेवावी अशी रचना करू नका.

हेडलाइटच्या आतल्या दिव्यांकडे वेगळं लक्ष द्या. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने जाते, आणि हेडलाइटच्या खोलीत आधीच गरम असतं. दिव्याची धातूची पाठ मोकळ्या हवेत राहील असं बघा, नाहीतर तापून त्याचा उजेड हळूहळू उतरतो. जुन्या स्ट्रोबचं साधारण २५ मिलिमीटरचं भोक तेच चालतं, पण रबरी वॉशर नवा घाला. जुना कडक झालेला असतो, ओल शिरते आणि हेडलाइट आतून धुरकट होतो.

बिनतारी

उशिरा आलो, पण रेडिओचं कुणी बोललं नाही. एलईडीच्या आतलं सर्किट वीज खूप वेगाने कापत असतं, आणि त्याचा आवाज व्हीएचएफ रेडिओत शिरतो. तपासायला सोपं आहे. इंजिन बंद, रेडिओचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा, मग एकेक दिवा लावत जा. खरखर ज्या दिव्याबरोबर वाढते तो दिवा दोषी. केबल अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, पॉझिटिव्ह-निगेटिव्हला एकमेकांभोवती पीळ द्या, दिव्याच्या अगदी जवळ फेराइटचं कडं घाला. तरीही राहिलं तर दिवा परत करा. घेतानाच सीआयएसपीआर २५ (गाडीतल्या उपकरणांचा रेडिओला होणारा त्रास मोजणारं मानक) ची चाचणी झाली आहे का ते विचारा.

हे मी इतक्या कळकळीने लिहितोय कारण जवळ असताना रेडिओ नीटच चालतो. खरखर त्रास देते ती टॉवरपासून लांब गेल्यावर, सिग्नल मुळात क्षीण असताना. नियंत्रण कक्षाने सांगितलेल्या पत्त्यातला एक शब्द गिळला गेला तर गाडी चुकीच्या दारात जाते.

सदाजागता

काम झालं, सविस्तर लिहितो.

वायरमन काकांचा मार्ग घेतला. बारच्या कंट्रोलरला सहा जादा आउटपुट निघाले. सहाही दिवे स्थिरवर ठेवून त्यांना जोडले. त्यामुळे सिंकच्या वायरी लागल्याच नाहीत, प्रत्येकीवर हीटश्रिंक चढवून बंद केल्या.

पेटायला लागणारा वेळ फोनच्या संथ चित्रीकरणावर मोजला, सेकंदाला २४० चौकटी. बार पेटल्यापासून नवा दिवा तिसऱ्या चौकटीत पेटतो, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद उशिरा. डोळ्याला अजिबात कळत नाही. सहापैकी एक दिवा मात्र पेटायचाच, पण धडधडत. तो कारखान्यातूनच वेगळ्या पॅटर्नवर आला होता. तारामंडळ ताईंचं ऐकून टेबलावर तपासला म्हणून लगेच सापडला. (चित्रीकरण करणाऱ्यांसाठी: मंद केलेला दिवा फोनमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तो बिघाड नाही, दिवा वेगाने चालू-बंद करूनच मंद होतो.)

बिनतारी, जाळीतल्या डाव्या दिव्याने खरखर केली. त्याची केबल रेडिओच्या केबलला चिकटून गेली होती. बाजूला घेऊन पीळ दिला, गेली.

काल रात्री पुन्हा दीडशे पावलं मागे गेलो. या वेळी सहकाऱ्याला जाकीट घालून मागच्या दाराशी उभं केलं. पूर्ण ताकदीवर फक्त दिवे दिसले. मग आत बसलेल्या चालकाने हँडब्रेक ओढला. दोन मंद निळे ठिपके, एकदा डावा, एकदा उजवा, आणि त्यांच्या मधोमध जाकिटाचे दोन पट्टे. सहकाऱ्याने हात हलवला, तोही दिसला.

कुतूहल

दोन-तीन गाड्या एकाच जागी आल्या तर? प्रत्येकीचा ताल पुन्हा वेगळाच ना?

प्रकाशमापक

हो. त्यावरही उपाय निघालेत. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक अचूक ठोका देऊ शकतो. प्रत्येक गाडीने आपला ताल त्या ठोक्याला बांधला तर गाड्यांना एकमेकींशी बोलावंच लागत नाही. पवनचक्क्यांवरचे विमानांसाठीचे लाल दिवे एकाच वेळी लागतात ते याच पद्धतीने. जुन्या गाडीत हे नंतर घालता येतं का ते कंट्रोलरवर अवलंबून.

रात्रपाळी

दादा, एकच मागणं. पुढच्या आठवड्यात गाडीवर नवीन चालक येणार असेल तर त्याला हँडब्रेकचं कोण सांगणार? उतरावर तो नुसता गिअरमध्ये ठेवून उतरला तर दिवे पूर्ण ताकदीवरच राहतील.

सदाजागता

हे डोक्यातच आलं नव्हतं. मागचं दार उघडल्याचा स्विच आहेच, तोही त्याच इशाऱ्याला जोडतो. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मागचे मंद होतील. पण दार नीट न लागता गाडी धावायला लागली तर दिवे मंदच राहतील, म्हणून वेगाचा इशारा मधे घ्यावा लागेल. शनिवारी गाडी मोकळी आहे, तेव्हा करतो आणि इथे लिहितो.